काडीकचरा जाळणे

काडीकचरा जाळणे : घराचे अंगण, परसबाग, गोठा, फळबाग किंवा शेत यांतील वाळलेला वनस्पतिजन्य कचरा आवारातच अथवा लगतच्या मोकळ्या जागेत ढीग करून पेटवून देण्याची रीत. झाडाखालचा पालापाचोळा, छाटलेल्या फांद्या, कुंपणाच्या जुन्या बोरी-बाभळीच्या काट्या, उपटलेले तण, तसेच वऱ्हाडात पऱ्हाट्या व तुऱ्हाट्या (कपाशीची व तुरीची वाळलेली झाडे) यांचा त्यात समावेश होतो. होळी व शेकोटी यांचा हेतू निराळा असल्याने त्या यात मोडत नाहीत. मात्र आगीपासून घ्यावयाची खबरदारी तिन्हींत सारखीच आहे. कोकणात व सह्याद्रीच्या पट्ट्यात रोपे तयार करण्यासाठी जमीन भाजण्याची जी ‘राब’ नावाची पद्धत आहे, तीत पाला, गवत, फांद्या व शेण जाळणे हा शेतीच्या मशागतीचाच भाग असतो. वऱ्हाडात असा हेतू नसतो. तेथे जाळणे म्हणजे केवळ जागा मोकळी करणे होय आणि म्हणूनच त्याला पर्याय शोधणे तुलनेने सोपे आहे.

अमरावती जिल्ह्यातील अचलपूर (लोकसंख्या १,१२,३११, २०११) हे गाव या विषयाच्या दृष्टीने विशेष उद्‌बोधक आहे. पूर्वी एलिचपूर या नावाने ओळखले जाणारे आणि इमादशाहीची राजधानी राहिलेले हे जुने शहर व इंग्रजी अमलात छावणी म्हणून वाढलेले परतवाडा ही जुळी गावे एकाच नगरपरिषदेच्या हद्दीत येतात. उत्तरेस सातपुड्याची गाविलगड रांग व तीवरील मेळघाटाचे सागाचे शुष्क पानझडी वन, दक्षिणेस कपाशी, तूर व सोयाबीन यांचे काळ्या जमिनीचे सपाट रान आणि सभोवती संत्र्याच्या बागा अशी येथील रचना आहे. परतवाडा ही मेळघाटातील सागवानाची जुनी बाजारपेठ असल्याने लाकडाचे साठेही वस्तीलगत आढळतात. शहराच्या जुन्या भागात घरे परस्परांना लागून आहेत, तर खेड्यांत गोठ्याशेजारीच कडब्याची व कुटाराची गंजी रचलेली असते. त्यामुळे या परिसरात परसात पेटविलेला ढीग हा त्या घरापुरता विषय क्वचितच राहतो.

जाळण्याचा हंगाम : कचरा पडण्याचा काळ आणि आग सर्वांत सहज पसरण्याचा काळ हे दोन्ही येथे एकच आहेत. डिसेंबरपासून कपाशीची वेचणी उरकत जाते व पऱ्हाट्या उपटल्या जातात. त्याच सुमारास आंबिया बहार धरण्यासाठी संत्र्याच्या बागा ताणावर सोडतात, म्हणजे त्यांचे पाणी तोडतात. परिणामी बागेतील गवत वाळून जाते. सागाची पानगळ हिवाळ्यात सुरू होते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब आपली पाने टाकून अंगणे भरून टाकतो. पावसाळ्याचे पाणी मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडत असल्याने मार्चनंतर काडी न् काडी वाळलेली असते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४०° से. च्या वर जाते, हवेतील आर्द्रता फार खाली उतरते आणि मोकळ्या रानात वावटळी उठू लागतात. वावटळीने उचललेले जळते पान कोठे जाऊन पडेल, याचा अंदाज कोणालाही करता येत नाही. महाराष्ट्राच्या वन विभागाने वणव्याचा काळ म्हणून मानलेला १५ फेब्रुवारी ते १५ जून हा अवधी याच वास्तवावर बेतलेला आहे.

ज्वलन व धूर : वाळलेल्या लाकडातील व पानांतील सेल्युलोज साधारणपणे २५०° ते ३००° से. तापमानापासून वेगाने विघटित होऊ लागतो आणि त्यातून निघणारे वायू पेट घेतात. ढीग सुटा, कोरडा व हवेशीर असेल, तर ज्योत मोठी व धूर कमी असतो. परसातील ढीग बहुधा तसा नसतो. वर वाळलेला पाला, खाली ओलसर माती व शेणकूट, मध्ये हिरव्या फांद्या अशा मिश्रणात आग ज्योतीविना धुमसत राहते आणि धुमसणाऱ्या आगीतून कार्बन मोनॉक्साइड, डोळ्यांना झोंबणारी ॲल्डिहाइडे, बेंझोपायरिनासारखी कर्करोगकारक संयुगे आणि २·५ मायक्रॉनांहून लहान असे कण अधिक प्रमाणात बाहेर पडतात. हे कण नाकात वा घशात न अडकता फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. दम्याचे रोगी, लहान मुले, गरोदर स्त्रिया व हृदयरोगी यांना त्यांचा उपद्रव विशेष होतो. कचऱ्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या, ठिबक सिंचनाच्या जुन्या नळ्या, टायर किंवा कीटकनाशकांचे डबे मिसळलेले असल्यास धुराचे स्वरूपच बदलते. क्लोरीनयुक्त प्लॅस्टिकाच्या अर्धवट ज्वलनातून डायॉक्सिने निर्माण होतात व ती राखेतही उरतात.

सकाळी लवकर किंवा सायंकाळी थंडाव्यात कचरा पेटवावा, असा एक समज रूढ आहे. आग पसरण्याच्या दृष्टीने तो बराचसा बरोबर असला, तरी धुराच्या दृष्टीने तो नेमका उलटा ठरतो. हिवाळ्यातील स्वच्छ व वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते. तापमानाच्या या व्युत्क्रमणामुळे धूर वर न जाता वस्तीवरच चादरीसारखा पसरून राहतो. डोंगराच्या पायथ्याशी तर रात्री उतारावरून खाली वाहत आलेली थंड हवा सखल भागात साचते व त्यात भर घालते. उलट, दिवस वर आल्यावर उतार तापतात आणि वारा पायथ्याकडून डोंगराकडे वाहू लागतो. आग चढावर सपाटीपेक्षा पुष्कळ वेगाने धावते. ढोबळ मानाने प्रत्येक १०° चढामागे तिचा वेग दुप्पट होतो असे धरतात. अर्थात पायथ्याच्या धुऱ्यावर (बांधावर) दुपारी लावलेली काडी वनाच्या दिशेने जाण्यास निसर्गच मदत करतो. धुराला अनुकूल वेळ आगीला प्रतिकूल व आगीला अनुकूल वेळ धुराला प्रतिकूल, अशी ही अडचण आहे. जाळण्याची कोणतीही वेळ पूर्णपणे निर्धोक नाही, हे यावरून दिसते.

काही वनस्पतींचा धूर मुळातच अपायकारक असतो. सातपुड्याच्या वनात आढळणाऱ्या बिब्ब्याचे लाकूड व फळे जाळल्यास त्यांच्या धुराने कातडीवर फोड येतात व चेहरा सुजतो. अंगणात शोभेसाठी लावलेल्या कण्हेरीचे सर्व भाग विषारी असून तिच्या फांद्या जाळणे किंवा शेकोटीत घालणे घातक आहे. कुंपणाच्या शेराचा चीक व धूर दोन्ही डोळ्यांना इजा करतात. गाजरगवत फुलावर आल्यानंतर उपटून जाळण्याची रीतही सदोष आहे. ते फुलण्यापूर्वी, हातमोजे घालून उपटून खतात घालणे श्रेयस्कर.

जाळण्यामागील कारणे : जाळणे हा केवळ आळसाचा प्रकार आहे, असे समजणे अन्यायाचे होईल. कपाशीवरील गुलाबी बोंडअळी वेचणीनंतर झाडावर राहिलेल्या किडक्या बोंडांत व सरकीत सुप्तावस्थेत राहते आणि पुढील हंगामात पुन्हा उद्‌भवते. २०१७ मध्ये या अळीने विदर्भातील कपाशीचे मोठे नुकसान केले. तेव्हापासून फरदड न घेता पीक वेळेवर संपवावे, पऱ्हाट्या शेतात वा बांधावर रचून ठेवू नयेत व अवशेषांचा नाश करावा, यावर कृषी विभागाने भर दिला आहे. सरपणासाठी घराशेजारी रचलेली पऱ्हाट्यांची रास बोंडअळीला आश्रय देते, हे खरेच आहे. परंतु नाश करणे म्हणजे जाळणेच असे नाही. वेचणीनंतर शेतात शेळ्या-मेंढ्या बसविल्यास त्या उरलेली हिरवी बोंडे खाऊन टाकतात आणि पऱ्हाट्यांचा यंत्राने बारीक चुरा करून तो जमिनीत गाडल्यास वा खतात कुजविल्यास अळीचा आश्रय नाहीसा होतो. मजूर व यंत्र यांचे भाडे ज्याला परवडत नाही, अशा लहान शेतकऱ्याच्या हाती मात्र आगपेटीच उरते.

संत्र्याच्या बागेतील प्रश्न काहीसा वेगळा आहे. फळे उतरविल्यानंतर झाडावरील वाळलेल्या फांद्या (सल) कापून छाटलेल्या जागी बोर्डो मलम लावतात. रोगट सल बागेत पडून राहिल्यास बुरशीचा प्रसार होतो, म्हणून ती बागेबाहेर नेऊन नष्ट करणे योग्य ठरते. तथापि ती दोन ओळींच्या मध्ये, झाडाखालीच पेटवून देणाऱ्यांचे नुकसान दुहेरी होते. संत्र्याची साल पातळ असून उष्णतेने तिच्याखालील जिवंत थर मरतो आणि ही इजा पुढे काही आठवड्यांनी, फांदी वाळू लागल्यावरच ध्यानात येते. ताणावर असलेल्या बागेत वाळलेले गवत पायाखाली असते, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. एका लहानशा ढिगाने पंधरा-वीस वर्षांची झाडे होरपळू शकतात आणि तेवढी बाग पुन्हा उभी करण्यास तेवढीच वर्षे लागतात.

कायदे व नियम : नगरपरिषदेची हद्द, शेतजमीन आणि वनालगतचा पट्टा यांना लागू होणारे निर्बंध वेगवेगळे आहेत. नगरातील कचऱ्याविषयी केंद्र शासनाने २००० मध्ये केलेल्या नियमांतच केरकचरा व वाळलेली पाने जाळू नयेत, असा स्पष्ट उल्लेख होता. त्यांच्या जागी आलेल्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी आवाराबाहेर, रस्त्यावर वा मोकळ्या सार्वजनिक जागेत कचरा टाकणे, जाळणे किंवा पुरणे यांस मनाई केली आणि बागेतील कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवून स्थानिक संस्थेच्या निर्देशानुसार त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी रहिवाशांवर टाकली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २२ डिसेंबर २०१६ रोजी अल्मित्रा पटेल यांच्या प्रकरणात उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी घातली व साध्या प्रसंगी ५,००० रु. आणि मोठ्या प्रमाणावर कचरा जाळल्यास २५,००० रु. पर्यावरणीय भरपाई ठरविली. याखेरीज १९८१ च्या वायुप्रदूषणविषयक अधिनियमाच्या कलम १९ अन्वये वायुप्रदूषण नियंत्रण क्षेत्रात इंधनाखेरीज अन्य पदार्थ जाळण्यास मनाई करण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांतील झाडांविषयीच्या १९७५ च्या अधिनियमात झाड ‘तोडणे’ या संज्ञेत ते जाळणेही अंतर्भूत केलेले आहे. त्यामुळे रस्त्याकडेच्या कडुनिंबाच्या बुंध्याशी पाला पेटवून झाडास इजा करणारा त्या कायद्याच्याही कक्षेत येतो.

या नियमांची अंमलबजावणी दुबळी राहण्याचे मुख्य कारण दंडाची रक्कम हे नसून कचरा उचलण्याची व्यवस्था हे आहे. पाला हलका, पण जागा फार व्यापणारा असतो. दररोजच्या घंटागाडीत तो मावत नाही आणि पानगळीच्या दोन-तीन महिन्यांपुरती वेगळी गाडी लावणे लहान नगरपरिषदांना जड जाते. अनेक गावांत रस्ता झाडून झाल्यावर पानांचा ढीग जागच्या जागी पेटविला जातो, तो याचमुळे. जो कचरा वेगळा साठवावयाचा तो नेणार कोण, याचे उत्तर मिळेपर्यंत मनाईचा फलक लावून फारसे साधत नाही.

शेतात स्वतःचे अवशेष जाळण्याबाबत मुख्य बंधन येते ते निष्काळजीपणाच्या गुन्ह्याचे. मानवी जीवितास धोका होईल किंवा दुसऱ्यास इजा पोहोचेल, अशा बेपर्वाईने आग हाताळणे हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २८५ खाली अपराध होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा २,००० रु. पर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बुद्धिपुरस्सर आग लावून नुकसान करण्याचा गुन्हा याहून पुष्कळ गंभीर मानला आहे. जुन्या संहितेच्या कलम ४३५ मध्ये अशा नुकसानीची मर्यादा सर्वसाधारण मालाबाबत १०० रु. व शेतमालाबाबत केवळ १० रु. ठेवलेली होती. खळ्यावरील माल किती सहज जळतो, याची जाणीव एकोणिसाव्या शतकातील कायदेकारांनाही होती, असे यावरून दिसते.

वनालगत नियम सर्वांत कडक आहेत. सातपुड्याच्याच रांगेतील बोरी येथील वनात कर्नल पिअर्सन यांनी १८६० नंतरच्या दशकात आगीपासून संरक्षणाचा प्रयोग केला आणि तेथून वनसंरक्षणाची ही कल्पना देशभर रुजली. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ अन्वये राखीव वनास आग लावणे, वनास धोका पोहोचेल अशा रीतीने विस्तव पेटविणे वा जळता ठेवणे हा गुन्हा आहे. त्याच कलमात एक तरतूद अशी, की आग जाणूनबुजून अथवा घोर निष्काळजीपणाने लागली असल्यास त्या वनातील चराईचे व वनोपजाचे सर्व हक्क शासन काही काळ स्थगित करू शकते. एकाच्या हातून झालेल्या चुकीमुळे सबंध गावाची गुरे चराईला मुकण्याची शक्यता यात आहे. कलम ७९ नुसार वनात हक्क असणाऱ्या व्यक्तींवर आग विझविण्यास मदत करण्याचे बंधनही आहे. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये निवडलेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक असून अभयारण्यातील आगीस वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे कलम ३० लागू होते. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याची जुनी सवय हे मध्य भारतातील वणव्यांचे एक परिचित कारण आहे. पायथ्याच्या शेतांतून निसटणारी आग हे दुसरे.

सुरक्षितता : शेतात रोगट अवशेष जाळणे अटळच झाले, तर ढीग घर, गोठा, गंजी व झाडे यांपासून किमान १५ मी. दूर असावा. विजेच्या तारांखाली तो मुळीच पेटवू नये, कारण उष्णता व दाट धूर यांमुळे उच्च दाबाच्या तारांतून ठिणगी पडण्याचा संभव असतो. उंची १ मी. च्या आत ठेवून मोठ्या राशीऐवजी लहान ढिगात थोडे थोडे घालीत जावे. सभोवती २ ते ३ मी. रुंदीचा पट्टा गवताच्या मुळांसकट साफ करावा. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात खोल भेगा पडतात व त्यांत पडलेला पाला ठिणगीने आतल्या आत धुमसत राहतो. म्हणून हा पट्टा नुसता झाडून न ठेवता वखरून घ्यावा, म्हणजे भेगा बुजतात. पाण्याच्या बादल्या, ओली गोणपाटे, फावडे व आग झोडपण्यासाठी हिरव्या पानांच्या फांद्या जवळ असाव्यात. वारा सुटला असता पेटवू नये आणि पेटविल्यानंतर सुटल्यास विझवावे. रॉकेल किंवा पेट्रोल ओतून ढीग पेटविणे हे भाजण्याच्या अपघातांचे ठळक कारण आहे. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते व काडी ओढताच ओढणाऱ्याभोवतीच भडका उडतो. जुन्या ढिगात साप, विंचू व मुंगूस यांचा आश्रय असतो, त्यामुळे पेटविण्यापूर्वी तो काठीने हलवून पाहणे दोघांच्याही हिताचे असते.

ज्वाला दिसेनाशी झाली म्हणजे आग संपली असे नव्हे. राखेच्या थराखाली निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो. राखेवर पाणी ओतून ती फावड्याने वरखाली करावी व पुन्हा पाणी ओतावे. हाताची पालथी बाजू राखेजवळ नेली असता ऊब लागेनाशी होईपर्यंत तेथून हलू नये. अशी राख उकिरड्यावर टाकल्याने रात्री गंजी पेटल्याच्या घटना खेड्यांत ऐकिवात असतात. कपड्यांनी पेट घेतल्यास पळू नये. जमिनीवर आडवे होऊन लोळावे. भाजलेल्या भागावर सुमारे २० मिनिटे साधे थंड पाणी सोडावे. शाई, दंतमंजन, हळद वा तूप लावू नये व चिकटलेले कापड ओढून काढू नये. अग्निशमनासाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८ व वणव्याची वर्दी देण्यासाठी वन विभागाचा १९२६ हे दूरध्वनी क्रमांक आहेत.

पर्याय : पाला जाळल्याने त्यातील जवळजवळ सर्व नायट्रोजन व बराचसा गंधक हवेत जातो, पोटॅश राखेत उरते, पण तीही वाऱ्यावर उडते. ढिगाखालची जमीन भाजून तेथील सूक्ष्मजीव काही काळ नष्ट होतात. तोच पाला १० सेंमी. जाडीच्या थराने बागेत आच्छादन म्हणून पसरला, तर ओल टिकते व तण कमी उगवते. मात्र तो खोडापासून दूर ठेवावा लागतो, नाहीतर संत्र्याला डिंक्या रोगाचे भय असते.

कंपोस्ट खताची ‘नाडेप’ ही पद्धत वऱ्हाडातीलच आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवताव पांढरीपांडे यांनी ती विकसित केली व त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला हे नाव मिळाले. तीत १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असे, भिंतींत हवेसाठी छिद्रे ठेवलेले विटांचे टाके जमिनीवर बांधतात. त्यात सु. १,४०० ते १,५०० किग्रॅ. काडीकचरा, केवळ ९० ते १०० किग्रॅ. शेण आणि सु. १,७५० किग्रॅ. माती यांचे थर एकावर एक रचून पाणी शिंपडतात व वरून शेणमातीने लिंपतात. थोड्या शेणात पुष्कळ कचरा कुजविणे हे या पद्धतीचे वैशिष्ट्य असून जनावरे कमी झालेल्या गावांत ते मोलाचे ठरते. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते, म्हणजे मार्चमध्ये भरलेले टाके पेरणीच्या सुमारास रिकामे करता येते. अंगणाच्या मानाने हे टाके मोठे वाटल्यास पानांसाठी तारेच्या जाळीचे गोल कुंपणही पुरते. अडचण आहे ती जाड काड्यांची. अखंड पऱ्हाटी वर्षभरातही पुरती कुजत नाही. ती चुरा करणारे यंत्र गावात भाड्याने मिळत असेल, तर हा प्रश्न उरत नाही. पऱ्हाट्यांपासून कणफळ्या (पार्टिकल बोर्ड) तयार करण्याचे तंत्र कापूस तंत्रज्ञानावर संशोधन करणाऱ्या मुंबईच्या केंद्रीय संस्थेने विकसित केले आहे आणि त्यांच्या चुऱ्याचे दाबून केलेले इंधनठोकळे ‘पांढरा कोळसा’ या नावाने बॉयलरसाठी विकले जातात. या दोन्ही उद्योगांना माल गोळा करण्याचा व वाहून नेण्याचा खर्च जड जातो, कारण पऱ्हाटी वजनाने हलकी असून गाडीत फार जागा अडविते.